दीडशे ओहम

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मीटरकाका म्हणत. हुद्दा सहायकाचा, शिक्षण दहावी, तीही दोनदा आपटून. पण तीस वर्षांत त्यांच्या हातून एक वायर चुकीच्या जागी गेलेली कुणी पाहिली नव्हती. सर्किटचे बोर्ड लावताना ते स्वतःशीच पुटपुटत, "व्होल्टेज सोर्स काढला, तिथं वायर. करंट सोर्स काढला, तिथं काही नाही." आम्ही शिक्षक मंडळी याला काकांचा जप म्हणून हसायचो. मी जरा जास्तच, कारण मी नवी होते आणि पदवीला पहिली आलेली होते. उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्या सोमवारी मी फळ्यावर सर्किट सोपं करून दाखवलं. पन्नास ओहमचा एक रेझिस्टर, त्याच्या पुढे शंभराचा, आणि शंभराला समांतर करंट सोर्स. इम्पिडन्स, म्हणजे सर्किटचा एकूण रोध, मोजण्याआधी सोर्स बंद करायचा असतो. घाईघाईत मी त्याच्या जागी सरळ रेघ ओढली, म्हणजे चक्क वायर. त्या वायरीमुळे शंभराचा रेझिस्टर बाद झाला आणि उत्तर आलं पन्नास. मुलांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं.

खाली प्रयोगशाळेत मात्र मीटर दीडशे दाखवू लागला.

"मॅडम, उत्तर जुळत नाहीये," एक मुलगी म्हणाली. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. मी बोर्डाकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

"काका, जोडणी चुकलीय तुमची. इतकी वर्षं काढलीत इथं, निदान एवढं तरी बघून करा!"

काकांनी एकदा बोर्डाकडे, एकदा मुलांकडे पाहिलं. "असेल मॅडम. बघतो."

मला बरं वाटलं. हे सांगताना आजही कानशिलं तापतात, पण खरं तेच आहे. मला बरं वाटलं.

गुरुवारी वह्या तपासायला बसले. त्या मुलीनं मीटरवरचा आकडा लिहिला होता, दीडशे. मग तो खोडून शेजारी पन्नास. खोडलेल्या आकड्याकडे बघता बघता मी शेजारी सर्किट पुन्हा काढलं. सोर्स बंद म्हणजे करंट शून्य, म्हणजे तिथून काहीच जाणार नाही, म्हणजे जागा उघडी. पन्नास आणि शंभर, दीडशे. पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. लाज वाटली, आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे पहिला विचार आला तो असा, की काकांना एकट्यात गाठून माफी मागू, चारचौघांत कशाला?

तशीच खाली गेले. काका पुढच्या तुकडीसाठी बोर्ड लावत होते. नऊ बोर्ड, आणि प्रत्येकावर करंट सोर्सच्या जागी एक लाल वायर.

"हे काय काका?"

"पोरांच्या वहीत तुमची आकृती पाहिली, तसंच केलं. आता सगळीकडे पन्नास येतं, मॅडम. मंगळवारपासून कुणाचं घोडं अडलं नाही."

मला वाटलं, टोमणा मारताहेत. चेहरा पाहिला, तर तसलं काही नव्हतं.

"काका, तुमचंच बरोबर..."

पण ते आपल्याच विचारात होते. "तीन दिवस झोप नाही बघा. तीस वर्षं मी ती जागा उघडीच ठेवत आलो. किती पोरांना चुकीचं शिकवून बसलो असेन! बरं झालं, तुम्ही तरी माझी चूक पकडलीत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. इतक्यात जिन्यावर मुलांचा गलका ऐकू आला. मी पहिल्या बोर्डावरची लाल वायर उपटली, मग दुसऱ्यावरची. मुलं दारात पोचली होती.

"काका, इथंच थांबा," मी म्हणाले. "मला सगळ्यांसमोर काही सांगायचंय."

काकांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला. ते हात पुसत पुढे आले आणि मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, परत काही चुकलं का माझं?"