आबेदा मॅडम आणि लाल हापसा

आबेदा पठाण शहरात, गारखेड्यात राहायची आणि पैठण रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. शिकवण्यात तिचा जीव होता. पाण्याचा धडा आला तेव्हा तिनं पोरांना घरचं पाणी आणायला लावलं आणि तपासणीची पूड असलेल्या छोट्या बाटल्यांत भरून खिडकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी बऱ्याच बाटल्या काळ्याकुट्ट झाल्या. पोरं हरखली.

"काळं पडलं म्हणजे पाण्यात घाणीचे जंतू आहेत," आबेदानं समजावलं. "उकळून, गार करूनच प्यायचं."

फक्त शाळेतल्या हापशाची बाटली काळी पडली नाही. पण त्या पाण्याला उग्र वास यायचा, बादलीवर पिवळट तवंग धरायचा. तिनं नमुना शहरात तपासायला दिला. त्यात रसायनं निघाली. उकळून ती जाणार नव्हती. मग ग्रामपंचायतीनं हापशाला लाल रंग फासला आणि आबेदानं वर्गात बजावलं, "लाल हापशाचं पाणी तोंडात घालायचं नाही."

सहावीतल्या सायलीनं ते मनावर घेतलं. ऐन उन्हाळ्यात, दुपारच्या सुट्टीत ती चक्कर येऊन पडली. ओठ सुकले होते. घरात उकळलेलं पाणी नव्हतं, शाळेत लाल हापसा; सकाळपासून पोरीनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिची आई पारूबाई कामावरून पळत आली. लेकीला मांडीवर घेऊन म्हणाली, "मॅडम, काय प्यायचं नाय ते तुमी लई चांगलं शिकवलं. आता काय प्यायचं तेबी सांगा की."

 आबेदाच्या स्वतःच्या नळालाही आठवड्यानं पाणी यायचं.

ती सरपंच कारभारीअण्णांकडे गेली. त्यांनी चहा पाजला. "प्रस्ताव दिलाय मॅडम, टँकर व्हईल सुरू." टँकर आलाही, थोडे दिवस आला आणि बंद पडला. मग ती स्कूटीवर पाण्याचा जार आणू लागली. मोठी पोरं तो आधीच संपवायची, पहिलीतली लेकरं रडायची. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "सगळ्यांना पुरत नसंल तर आणू नका. रोज मारामाऱ्या होतात." तिनं जार आणणं सोडलं.

एका दुपारी ती हापशाजवळून चालली होती. सायली एका हातानं दांडा दाबत होती, पळत पुढं जाऊन ओंजळ धरत होती. तेवढ्यात पाणी निसटून जायचं. मॅडमना बघून ती जागीच थिजली.

"थोडंसंच पिणार होते, मॅडम."

आबेदाच्या ओठांवर धडा आला होता. तो तिनं गिळला. हातातली पिशवी खाली ठेवली, लाल दांडा धरला आणि म्हणाली, "धर ओंजळ."

पोरगी घटाघटा पीत होती. आबेदा मान वळवून हापसत राहिली.