धंदा हमखास कसा बुडेल

संस्थान विलीन झालं आणि आमच्या घरची दरबारी पगड्यांची कामं बंद पडली. मी साताऱ्याकडची, मराठी तिसरीतून शाळा सुटलेली, लग्न होऊन देवासला आलेली. दुसरं काही सुचलं नाही तर हे इंदूरच्या गिरणीत जाणार आणि मला माहेरी धाडणार, असं घरात बोलणं चाललं होतं. माहेरी सावत्र आईला मी जड झालेली. इथं माझ्या वाटीत किती वाढलं ते कुणी मोजलं नव्हतं. म्हणून धास्ती.

ह्यांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी युक्ती सांगितली: धंदा कसा चालेल ते विचारूच नका, हमखास कसा बुडेल ते विचारा. प्रत्येकानं सांगायचं, कुणी खोडायचं नाही. मग एकेक उत्तर उलटं फिरवायचं.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही बसलो.

"बोलावणं येईल म्हणून घरात बसून राहायचं," सासूबाई म्हणाल्या.

"बाजाराचं तोंड बघायचं नाही," हे म्हणाले.

"सूनबाई, तू?"

"साध्या माणसाला ओसरीवर चढू द्यायचं नाही," मी भीत भीत म्हटलं.

मामंजींना रंग चढला. "आणि ओळखपाळख नसलेल्याच्या डोक्याला हात लावायचा नाही!"

सगळे हसलो. मग एकदम उमगलं. ह्यातलं आम्ही काय करत नव्हतो?

उत्तरं उलटी फिरवली तेव्हा निघालं, आठवडी हाटात बसायचं आणि येईल त्याला साफा बांधून द्यायचा. मामंजी ह्यांच्याबरोबर गेले. पुढचं ह्यांनी घरी येऊन सांगितलं.

पहिलाच शेतकरी आला. "क्यूं भिया, म्हारो साफो बांधी दोगा?"

मामंजींनी कापड हातात घेतलं आणि सवयीनं विचारलं, "आपका घराना कौनसा?" दरबारात घराण्यावरून बांधणी ठरायची.

"घरानो कंई, दादा? म्हारे तो धूप से माथो बचानो है!"

उन्हापासून डोकं वाचवायला कसलं घराणं, म्हणून आजूबाजूचे खो खो हसले. मामंजींनी कापडाची घडी घातली, त्याला परत दिलं आणि उठले. हे पुष्कळ म्हणाले, बसा, पुढच्याला विचारू नका. "न विचारता कसं बांधू रे?" एवढंच ते म्हणाले.

पुन्हा ते हाटात गेले नाहीत. हे इंदूरच्या मोटारीत बसले. माझं गाठोडं मी आपणहून बांधून ठेवलं होतं. मामंजींनी ते बघितलं.

"सोड ते. आम्ही खाऊ ते तू खाशील."

मी त्यांच्या पाया पडले. मग चूल पेटवायला गेले, तर डब्यात फक्त ज्वारीचा कोंडा होता.