लिंबूटिंबू

चूक माझीच होती. पनवेलच्या आमच्या सोसायटीत आम्ही पन्नाशीच्या आसपासचे काहीजण रविवारी सकाळी लगोरी खेळतो, लहानपणची हौस म्हणून. एकदा एक गडी कमी पडला, तेव्हा गेटजवळच्या इस्त्रीवाल्यांना बोलावलं. ते एका पायाने लंगडतात. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "हे लिंबूटिंबू. यांना आउट धरायचं नाही." आपण समजूतदारपणा दाखवला, असं मला वाटलंही.

ते खेळायला उतरले. तेव्हापासून दर रविवारी येतात. चपला जोडून ठेवतात, खिशातल्या रुमालाची कडक घडी त्यांवर ठेवतात आणि बहुतेकदा पहिल्याच चेंडूत लगोरी फोडतात.

गेल्या रविवारी चेंडू त्यांच्या पाठीला जेमतेम चाटून गेला. कुणाला दिसलंही नाही. ते मात्र सरळ कट्ट्यावर जाऊन बसले.

"अहो, या की! तुम्हाला आउट नाही," मी ओरडलो.

"लागला ना मला? मंग मी आउट हाय. ल्हान पोर नाय मी, साहेब."

मी डाव थांबवून कट्ट्यापाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुम्हाला लिंबूटिंबू केलं, माझं चुकलं. माफ करा. तुम्ही आउट."