सदूचा रविवार

भिवपुरीचं वीजघर सुरू झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी सदू जवळच्याच आपल्या गावी परतला. अठरा वर्षं तो ठाण्याकडच्या एका मिशन दवाखान्यात मलमपट्टी करत होता. तिथंच त्यानं बाप्तिस्मा घेतला. आई, अंबाबाई, आंधळी झाल्याचं कळलं आणि त्यानं नोकरी सोडली.

चुलतभाऊ नामानं त्याला घरात घेतलं नाही. गोठ्याशेजारची पडवी दिली. आईनं चाचपून त्याचं तोंड पाहिलं. "वाळलास रं," म्हणाली.

दवाखान्यात त्यानं एक रविवार चुकवला नव्हता. इथं प्रार्थनेला जागा नव्हती. मग पहिल्याच रविवारी अंघोळ करून, धुतला सदरा घालून तो चावडीपुढच्या आंब्याखाली आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसला. नवल म्हणून पंधरा-वीस माणसं जमली. सदूनं वाचलं ते येशू आपल्या नासरेथ गावी परत येतो तेच. नेमाप्रमाणे शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या वारी, सभास्थानात प्रार्थनेला जातो, वाचायला उभा राहतो. लोकांना आधी कौतुक वाटतं, मग तेच खवळतात आणि त्याला कड्यावरून लोटायला नेतात.

"मंग लोटला?" भिवाजी पाटलानं विचारलं.

"नाय. त्यांच्यातनं वाट काढून निघून गेला."

"त्यो गेला. मंग तू कशाला आलास रं?"

सगळे हसले. सदूही हसला.

"तिकडं लोकांना बरं करत व्हतास म्हनं," नामा म्हणाला. "आईचं डोळं उघडून दाव. आमी समदी तुझ्या देवाच्या पाया पडू."

सदूनं पुस्तक मिटलं.

पुढच्या रविवारी तिघं आले. नंतर कोणीच नाही. कोणी शिवी दिली नाही, की दगड मारला नाही. तो दिसला की बाया घागर उचलून वाट बदलत, एवढंच. तरी दर रविवारी तो आंब्याखाली मोठ्यानं वाची. परतला की आई विचारी, "कोन आलं व्हतं रं ऐकायला?"

"चार जन व्हते," तो सांगे. पाच वर्षं त्यानं हेच सांगितलं.

भादव्यात अंबाबाई तापानं गेली. सदू तिरडीला हात लावायला पुढं झाला, तसा नामा आडवा आला.

"तू आमच्यातला नाय. लांब ऱ्हा."

अग्नी नामानं दिला. सदू शेताच्या बांधावर उभा राहिला. लाकडं ओली होती, धूर फार झाला. त्याला काही नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी नामाची बायको सुंदरा भाकरी घेऊन आली. ती जमिनीवर ठेवून, पदर सावरत म्हणाली, "भावजी, तेराव्यानंतर पडवी मोकळी करा. ढोरं बांधायची हायेत."

रविवारी तो सवयीनं उठला, अंघोळ केली, आंब्याखाली गेला. आईसाठी प्रार्थना करायची होती. डोळे मिटले आणि तो अडकला. आई मरेपर्यंत आपल्याच देवांना हात जोडत राहिली होती. बाप्तिस्म्याचा तिला त्यानं कधी आग्रह केला नव्हता, आंधळ्या म्हातारीला कशाला छळा म्हणून. आता त्याच्या शास्त्राप्रमाणे, येशूला न मानता गेलेली ती कुठं असेल, हे त्याला माहीत होतं, आणि ते त्याच्यानं मानवत नव्हतं. विचारावं असं गावात कोणी नव्हतं.

ऊन तोंडावर येईपर्यंत तो तसाच बसला. पुस्तक उघडलंच नाही.