होडीला रिक्षाचा आरसा

वल्हवणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या टोकाकडे असतं. जायचं एकीकडे, बघायचं दुसरीकडे. भाईंदरच्या खाडीत मी जन्मभर असाच फिरलो, आवाजावरून बोट ओळखत. आता उजवा कान गेलाय. पावसाळा संपल्यावर एकदा फेरीबोट इतकी जवळून गेली की तिच्या लाटेनं अर्धी होडी भरली. ही बातमी जेट्टीवरून माझ्याआधी घरी पोचली.

सुनेनं नारिंगी जॅकेट आणलं. हे घाला, नाहीतर होडी विकायची, एवढंच म्हणाली. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण पोहायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. जॅकेट खुंटीलाच राहिलं. मी महिन्याची मुदत मागून घेतली.

मग एकदा काशीमीऱ्याला जाताना बघितलं, रिक्षावाला मान न वळवता पाठीमागचं सगळं बघतोय. मला का नको? तिथल्याच एका गॅरेजवाल्याकडे जुना आरसा मागितला. त्यानं विचारलं, "चाचा, गाडी कौनसी है?"

"लकडी की," मी म्हटलं.

आरसा काठीला बांधला आणि काठी मागच्या टोकाला, माझ्या तोंडासमोर उभी केली. रेल्वेचा पूल, बगळे, जेट्टी, पाठीमागचं सगळं डोळ्यासमोर आलं. दोन दिवस मासे राहिले बाजूला. मी आरशात बघायचो, मग मान वळवून तेच ताडून बघायचो. आरशात पूल लांब वाटायचा, वळून बघावं तर जवळ. असेल, म्हटलं.

तिसऱ्या सकाळी आरशात फेरीबोट दिसली, काडेपेटीएवढी. अजून वेळ आहे समजून जाळं ओढत राहिलो. इंजिनाचा आवाज एकदम बसला म्हणून वळलो, तर बोट अगदी जवळ येऊन थांबलेली. ती चालवणारा सारंग वरून वाकून म्हणाला, "काका, तुमचा आरसा डोळ्यावर चमकला म्हणून थांबलो. नाहीतर तुम्ही दिसतच नाय."

मला हे खोटं वाटलं. इतकी वर्षं मी बोटींवर नजर ठेवली, त्यांना मी दिसतो का, हे कधी मनातच आलं नव्हतं. शहानिशा करायला दुसऱ्या दिवशी तिकीट काढून त्याच बोटीवर चढलो, सारंगाच्या बाजूला उभा राहिलो. माझ्यासारखी होडी दाखव म्हटलं. त्यानं लांबवर हात केला. मला नुसतं गढूळ पाणी दिसत होतं. बऱ्याच वेळानं ओलं वल्हं चमकलं, तेव्हा कळलं की तिथे माणूस आहे. काळं लाकूड, मळकं बनियन. मीही असाच असणार.

घरी येऊन खुंटीवरचं जॅकेट काढलं. सून बघत होती. मी सांगितलं, "बुडायच्या भीतीनं नाय घालत. रंग लांबून दिसतो."

"बरं, बाबा," ती म्हणाली, आणि मी उलटा लावलेला पट्टा तिनं सुलटा केला.

आरसा अजून आहे, पण दर दहा वल्ह्यांनी मान वळवतोच. महिना कधीच संपला. होडीला गिऱ्हाईक बघायचं तिनं पुन्हा काढलं नाही.