होव्हची खुर्ची

आधीच सांगते, भूत-बीत, अंगात येणं, असलं काही मी कधीच मानलं नाही. आज मानते की नाही, कुणास ठाऊक... पण राग मात्र अजून गेलेला नाही!

१९९७ साल. आम्ही दुबईच्या 'बर दुबई' भागात राहायचो. बाबा गेल्यावर आई व्हिजिट व्हिसावर आली होती. तिला इथेच ठेवून घ्यायचं असं मी ठरवलं होतं. तिच्या गुडघ्यांसाठी जुमेरातल्या एका सेलमधून हिरवी आरामखुर्ची आणली. कायमची इंग्लंडला निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईची होती.

आई त्या खुर्चीत बसली की चिडायला लागायची. "आमचं होव्ह कसं शांत! समोर हिरवळ, समुद्राकाठी रंगीत दारांच्या खोल्या. वाळू नाही, नुसते गोटे. ती पंखवाली बाई उभी आहे ना, तिच्या पलीकडे ब्रायटन. राजाने तिथे घुमटांचा महाल बांधला, तेव्हापासून शेफारलेत मेले! आणि आता म्हणे दोन्ही गावं एक केली. आम्हाला विचारलं कुणी?"

माझी आई! इंग्रजीत 'थँक्यू'च्या पुढे न जाणारी! आणि खुर्चीतून उठली की यातलं काही आठवायचं नाही.

माझा नवरा सतीश म्हणाला, "त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. परत पाठव."

आमचे मॅनेजर इंग्लंडमधल्या ब्रायटनचे. त्यांना ऑफिसात विचारलं, तर बघतच राहिले. महाल, पुतळा, सगळं खरं. यंदाच दोन्ही गावांचा कारभार एक झालाय आणि होव्हवाले खवळलेत, म्हणाले. "हू टोल्ड यू?"

संध्याकाळी ते मुद्दाम घरी आले. मी ओळख करून द्यायच्या आत आई खुर्चीतून कडाडली, "हा पलीकडचा! याला चहा देऊ नकोस."

सतीश तिथेच उभा होता. तरी म्हणतो, "टीव्हीवर बघितलं असेल. खलास, तिकीट काढलंय."

"अरे, मग ती खुर्ची फेक ना बाहेर!" मी ओरडले.

"खुर्ची कशाला? चांगली आहे."

एअरपोर्टवर आई एवढंच विचारत होती, "माझं काय चुकलं गं?"

त्यानंतर पुण्यात एकटी राहिली, शेवटपर्यंत डोक्याने ठणठणीत. होव्हचं नावसुद्धा कधी काढलं नाही. मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "कुठलं गाव ते?"

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. खुर्ची अजून हॉलमध्ये आहे. सतीश तिच्यावर एकदाही बसलेला नाही.

मी रोज म्हणते, "बस ना. चांगली आहे."