पानोपानी तोरण

नाजिशचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. हौस म्हणून नव्हे. खालच्या खोलीत तिच्या वडिलांचं, युसूफभाईंचं, रुई पिंजायचं मशीन होतं. सकाळी सातला ते सुरू झालं की अमडापुरातलं ते घर पत्र्यांपासून कपबश्यांपर्यंत थरथरायचं. नाजिशचं काम कानांचं. मशीन लागायच्या आधी जे होईल तेच.

काम असं. पुण्याची एक संस्था तिला पुस्तिकांच्या पीडीएफ पाठवी. ज्यांना दिसत नाही ती माणसं असल्या पुस्तिका फोनकडून वाचून घेतात. पण छापलेल्या पानाची फोनला अक्कल नसते. मथळा कोणता, आधी काय वाचायचं, चित्रात काय आहे, हे फाइलच्या आत कोणीतरी सांगून ठेवावं लागतं. नाही सांगितलं तर डाव्या रकान्यातली पापडाची लाटी उजव्या रकान्यातल्या कुरडईच्या चिकात जाऊन पडते. यासाठी सॉफ्टवेअर असतं. ते आपल्या मनानं खुणा करतं, बऱ्याचदा चुकीच्या. त्या माणसानं बसून दुरुस्त करायच्या आणि शेवटी सगळं ऐकून बघायचं.

नाजिशला यातून एकच गोष्ट हवी होती. सात वाजेपर्यंत झोप. मशीनला नवी मोटार आणि नव्या बेअरिंग घातल्या तर आवाज पार बसेल, असं चिखलीच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं. काम कायमचं मिळालं तर मोटार, मोटार आली तर झोप. आणि काम मिळणं सुलभाबाईंच्या हातात होतं. हातात म्हणजे कानात.

सुलभाबाई चिखलीच्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, जन्मापासून दृष्टी नाही. संस्थेची प्रत्येक फाइल आधी त्या ऐकत. त्या 'चाललं' म्हणाल्या तरच ती पुढे जाई. नाजिशची परीक्षा होती उन्हाळी वाळवणाच्या पुस्तिकेवर.

नाजिश पिंजाऱ्याची लेक. गिऱ्हाइकाच्या कापसातला चिमूटभरही मागे ठेवायचा नाही, हे तिला चालण्याआधी कळलं होतं. सॉफ्टवेअरनं प्रत्येक चित्रापुढे रिकामा चौकोन दाखवला, वर्णन लिहा म्हणून. शेजारी दुसरी सोय होती. 'ही नुसती सजावट' अशी खूण केली की फोन ते चित्र सोडून पुढे जातो. ती खूण तिला कामचोरी वाटली.

पुस्तिकेच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर आंब्याच्या पानांचं तोरण छापलेलं होतं. तिनं प्रत्येक तोरणाचं वर्णन लिहिलं. पानं, झेंडू, दोरा, टोकाला एक पान जरा मुडपलेलं. पहिलंच पुढे चिकटवणं तिच्या जिवाला पटेना, म्हणून दर वेळी नव्यानं लिहिलं. या तोरणांत ती इतकी दमली की कुरडई पाडतानाचं चित्र आलं तेव्हा 'बाई, हातात साचा' एवढं लिहून उरकलं. मग तपासणीचं बटण दाबलं. सगळीकडे हिरवं. सॉफ्टवेअरला चौकोन भरला एवढंच कळतं. ऐकून बघितलं, तर स्वतःचीच तोरणं तिला फार गोड लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलभाबाईंचा फोन आला. खाली मशीन धडधडत होतं. नाजिश फोन घेऊन गल्लीत पळाली.

"नाजिश, माय, लगन कोणाचं काढलं?"

"कोणाचंच नाही, मॅडम."

"मग एवढी तोरणं काऊन? पान उलटलं का तोरण. मी इकडे चीक शिजवून राह्यली, अन् तू मले दारात उभी करून पानं मोजायले लावतेस. परत येईलोक चीक करपला."

"पण चित्र आहे ना ते. तुमच्यापासून कसं लपवू?"

"तुह्या घराच्या दारावर तोरण असलं, तर आत जाताना दर खेपेले वाचतेस का?"

नाजिशनं मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं.

"मुडपलेलं पान मात्र चांगलं लिहिलं," सुलभाबाई म्हणाल्या. "उद्या पुन्हा ऐकीन. नाही जमलं तर संस्थावाले हे काम नागपूरले देणार म्हणतात."

नाजिश तोंड पाडून घरात आली. युसूफभाईंनी मशीन बंद केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"हिंमतरावची गादी आठवते?"

"कोणती, अब्बा?"

"त्याच्या वावरातला कापूस. म्हणे, सगळा एकाच गादीत भरा. मी इमानदार माणूस, भरला. सुई शिरेना. हिंमतराव त्या रात्रीपासून खाली सतरंजीवर झोपतो."

"अन् गादी?"

"पाहुण्याले देतो. पाहुणा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जातो." त्यांनी अंगावरची रुई झटकली. "कापूस उरला तर उशी करायची, बेटा. गादीत कोंबायचा नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे नाजिशनं मुडपलेल्या पानाचं तोरण मुखपृष्ठावर ठेवलं. बाकीच्या तोरणांवर सजावटीची खूण केली. एकेक खूण करताना कामचोरी वाटली, पण केली. मग उरलेल्या मेहनतीची उशी केली. कुरडईचं चित्र उघडलं, आणि साचा कोणत्या हातात, दांडा कुठल्या बाजूला फिरतो, चीक ओल्या कापडावर बाहेरून आत कसा वळत जातो, हे सगळं लिहिलं.

सुलभाबाईंचा फोन मशीन लागायच्या आधीच आला.

"तोरण एकच?"

"एकच."

"अन् साच्याचा दांडा मले आज पहिल्यांदा समजला. आजपर्यंत वहिनी म्हणायची, तुले नाही जमत, तू नुसती खा." मग त्यांनी निकाल सांगितला. "चाललं."

काम कायम झालं. त्या मजुरीतून मोटार आली, बेअरिंग आल्या, चिखलीचा मिस्त्री येऊन बसवून गेला. मशीन आता मांजरासारखं घुरघुरतं. एवढ्याशा आवाजाचा कोणाला काय त्रास, असं म्हणून युसूफभाई ते सातऐवजी पहाटे साडेचारलाच लावतात आणि चहासाठी लेकीला हाक मारतात. नाजिशनं कानात कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली आहे. कापूस घरचाच. त्याला पैसे पडत नाहीत.